पहिला घास भाऊंचा

आमच्या घरात काहीही शिजलं की पहिला घास भाऊ खातात. मग डोळे मिटतात, स्वतःची नाडी धरतात आणि गप्प बसतात. तोवर घरातलं कोणी ताटाला हात लावत नाही. भाजी निवते, भाकरी कडक होते, आमची पोरगी वर्षा तोंड वाकडं करते. शेवटी भाऊ डोळे उघडतात आणि म्हणतात, "चालू द्या." मग आम्ही जेवतो.

भाऊ म्हणजे माझे जेठ, ह्यांचे थोरले भाऊ. देवपुरातल्या एका कॉलेजात ते पोरांना विषं शिकवायचे. लग्न केलं नाही. रिटायर झाले तरी त्यांचं शिकवणं काही थांबलेलं नाही. कोणी नवीन माणूस भेटला आणि "काय करत होतात?" असं विचारलं, की ते "विष" म्हणतात, आणि त्याच्याकडचा चहा नको म्हणतात. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर माणूस दुखावणारच.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे, "मात्रा किती?" त्यांच्या मते कुठलीच वस्तू नुसती विष नसते, किती घेतली त्यावर ठरतं. शेजारच्या अक्का एकदा रडत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, सून विषासारखं बोलस हो!" भाऊंनी पुस्तकातून मान वर न काढता विचारलं, "मात्रा किती?" अक्कांनी विचार केला आणि म्हणाल्या, "सकायले जास्त." भाऊ म्हणाले, "मग सकाळी देवळात जात जा." अक्का अजून जातात.

हसायला ठीक आहे, पण त्या पहिल्या घासाच्या वेळी माझा जीव खालीवर होतो. लग्न होऊन आले तेव्हापासून होतो. स्वयंपाक माझ्या हातचा, आणि जेठ तो खाऊन नाडी बघतात! माहेरी सांगायची सोय नव्हती. मला सारखं वाटायचं, यांचा माझ्या हातावर भरवसा नाही. विचारणार कसं? आमच्यात जेठाशी तोंडावर बोलत नाहीत. मी डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहते आणि माठाशी बोलते. "भाऊंना म्हणावं, चहा झाला." माठ काही बोलत नाही. भाऊ पुस्तकाला सांगतात, "ठेवा म्हणावं." आमचा संसार असा माठ आणि पुस्तक यांच्यातून चालत आला आहे.

पूर्वी भाऊंचं नाक फार तिखट होतं. ओट्यावर बसून आत ओरडायचे, "मोहरी करपली!" "दूध उतू चाललं!" "अक्कांकडे आज बोंबील!" गेल्या दोन-तीन वर्षांत ते ओरडणं बंद झालं. मला वाटलं, माझा हात सुधारला.

यंदा दिवाळीनंतर कॉलेजातून भाऊंकडे विटेएवढं जाड पुस्तक आलं. विषांचंच. जुनं होतं तेच, पण नव्याने छापलेलं. भाऊंनी जन्मभर तेच शिकवलं होतं. आता हेच ठेवायचं की दुसरं लावायचं, ते भाऊंनी सांगायचं होतं. त्यांच्या शब्दावर कॉलेज ठरवणार होतं. भाऊ खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. मी आत भाकरी थापत होते आणि ते बाहेर एकेक धड्याला मार्क देत होते. मला ऐकवत नव्हते, पण कान काही बंद करता येत नाहीत.

"साप आणि विंचू. उत्तम. लिहिणारा घाबरलेला नाही." "उताऱ्याचा तक्ता. हे पान फाडून दवाखान्याच्या भिंतीवर लावावं." मग आवाज चढायचा. "मांडणी लंगडी! आधी विषाचं नाव, मग लक्षणं. माणूस काय विषाचं नाव सांगत येतो? तो ओकत येतो!" "अंग निळं पडतं म्हणे. गोऱ्याचं पडत असेल. आपल्या रंगावर कुठे दिसणार? ओठ बघा, नखं बघा, हे कोण लिहिणार?" "आणि हा फवारणीवाला! चष्मा, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट. आमच्या पऱ्हाटीत हा बाहुला आणला कुठून?"

मला ते पटायचं. आमच्याकडे कपाशीवर फवारणारे उघड्या अंगानेच फिरतात.

असे मार्क देत देत भाऊ एका पानाशी आले आणि थांबले. ते वासांचं पान होतं. कुठल्या विषाला लसणाचा वास, कुठल्याला कडू बदामाचा, कुठल्याला सडक्या अंड्याचा. शिकवत होते तेव्हा हे पान त्यांचं लाडकं. पुस्तकाची सगळ्यात भक्कम बाजू हीच, असं म्हणायचे. आता मात्र रोज ते पान उघडायचे, बघायचे आणि मिटायचे. कॉलेजातून चौधरी मॅडमचा फोन यायचा. त्या भाऊंच्या विद्यार्थिनी, आता तिथल्या मुख्य. "सर, काय ठरलं?" भाऊ म्हणायचे, "वाचतोय." जेवण कमी झालं. मला काळजी लागली. एका पानाने माणूस आजारी पडतो की काय?

आमच्या ह्यांनी उपाय काढला. म्हणाले, भाऊंच्या जुन्या विद्यार्थ्यांना शेतात भरीत खायला बोलावू. चार माणसांत बसले की भाऊ मोकळे होतील. शेत अमळनेरच्या अलीकडे आहे. चौधरी मॅडम आणि आणखी पाच-सहा जण आले. सगळे मोठमोठ्या हुद्द्यांवरचे, पण भाऊंसमोर हात बांधून उभे.

हिरवी वांगी ताजी तोडलेली होती. पण रात्रीच्या दवाने पऱ्हाटीच्या काड्या ओल्या झाल्या होत्या. त्या पेटेनात. ह्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि ट्रॅक्टरचं डिझेल ओतलं. भपकन जाळ झाला. वांगी भाजली. मी सोलून लाकडी बडगीत ठेचायला घेतली, तर वाफेबरोबर डिझेलचा वास आला. मिरची, लसूण, कांद्याची पात सगळं घातलं, तरी वास जाईना. मी ह्यांना बाजूला बोलावलं.

"अहो, हे कसं वाढू?"

"कितलुसं टाकं व्हतं! जळी गयं व्हई," हे म्हणाले. मग त्यांनीच वास घेतला. "भाऊ शेतस ना. पहिला घास त्या खातीन. धरी लेतीन बराबर. तू चूप ऱ्हाय." आणि गावातून ताक आणायला निघून गेले.

मी चूप राहिले. पण मनात म्हटलं, बरोबर आहे, भाऊ धरतीलच. अक्कांचे बोंबील भिंतीपलीकडून धरणारा माणूस. पत्रावळी मांडल्या. भाऊंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, नाडी धरली. मी लिंबाच्या झाडामागे पदराचं टोक चावत उभी. आता ओरडतील, आता ओरडतील.

भाऊंनी डोळे उघडले.

"चालू द्या," म्हणाले.

सगळ्यांनी घास घेतले आणि चौधरी मॅडमनी तोंडातला घास हातावर काढला. "सर! याला फवारणीच्या औषधासारखा वास येतोय!"

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. कोणी म्हणे पऱ्हाटीवर औषध राहिलं असेल, कोणी म्हणे धुरातून उतरलं असेल. एक जण ओरडला, "डोळे बघा! या विषाने बाहुली टाचणीएवढी होते!" एवढे शिकलेले लोक एकमेकांच्या पापण्या वर करून बघू लागले. डोक्यावर ऊन. उन्हात बाहुली बारीकच असते. ज्याने त्याने समोरच्याची बाहुली बारीक बघितली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले.

"सावलीत या, मूर्खांनो!" भाऊ गरजले. "उन्हात कसल्या बाहुल्या बघता? तुम्ही तर चाखलंच फक्त, गिळलं मी. मला बघत बसा. मला काही झालं तर तुम्हाला दवाखाना." आणि झाडाखाली मांडी घालून नाडी धरून बसले.

मला खरं माहीत होतं. आणि हे ताक आणायला गेलेले. शेतात माठ नव्हता, म्हणून मी पाण्याच्या टाकीला सांगितलं, "डिझेल आहे म्हणावं." कोणी ऐकलं नाही. पुन्हा सांगितलं. टाकी आपली उभी. भाऊंच्या कपाळावर घाम दिसला तेव्हा मात्र मी झाडामागून पुढे आले.

"भाऊ, डिझेल आहे ते! काड्या पेटत नव्हत्या म्हणून ह्यांनी टाकलं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जेठाच्या तोंडावर बोलायची माझी ती पहिलीच वेळ. पदर कुठे होता तेही मला आठवत नाही. मग कोणीतरी हसलं, आणि सगळेच हसत सुटले. एक जण म्हणाला, "सर, तुमचं नाकही रिटायर झालं वाटतं!"

"परीक्षा घेतली तुमची," भाऊ म्हणाले. "काठावर पास झालात." आणखी हशा झाला. लोणचं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांवर पंगत उठली. चौधरी मॅडमनी पुस्तकाचं विचारलं, तर "संध्याकाळी कळवतो" म्हणाले. सगळे ताकावर वळले तेव्हा भाऊंनी बडगीतलं भरीत चिमटीत घेतलं आणि नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग हळूच मातीत टाकलं.

संध्याकाळी घरी मी उडदाची डाळ केली. भाऊ दाराशी बसलेले, पुस्तक त्याच पानावर उघडं. मी ताट घेऊन दाराआड थांबले. माठाकडे बघितलं. मग म्हटलं, एकदा बोललेच आहे.

"भाऊ, तुम्हाला वास येत नाही ना?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "त्या कोरोनाच्या तापानंतर गेला. परत आलाच नाही." मग पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, "ज्याला वास येत नाही त्याने या पानाला मार्क कसे द्यायचे, वर्षाच्या आई?"

माझ्या मनात दुसरंच होतं. "मग पहिला घास कशाला खाता? कळत तर काही नाही."

"नाक गेलं. पोट आहे ना."

इतक्या वर्षांचं तोंडात आलं. "मला वाटायचं, तुमचा माझ्या हातावर भरवसा नाही."

"भरवसा नसता तर शेवटी खाल्लं असतं," भाऊ म्हणाले.

मग त्यांनी चौधरी मॅडमना फोन लावला. मी तिथेच ताट घेऊन उभी. "पुस्तक ठेवा," ते म्हणाले. "मांडणी लंगडी आहे, ती शिकवणाऱ्याने सावरायची. आणि वासाचं पान पोरांना शिकवाल तेव्हा एक सांगा. या पुस्तकाने वाचणारा धडधाकट गृहीत धरलाय. आपलं नाक चालतं का, हे रोज आधी बघावं." पलीकडून मॅडम काहीतरी विचारत असाव्यात. भाऊ म्हणाले, "हो. माझं गेलंय," आणि फोन ठेवला.

मी ताट पुढे ठेवलं. भाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला, पण तोंडात घातला नाही. घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मला आधी समजलं नाही. मग मी खाली वाकून वास घेतला.

"मिरची जराशी करपली आहे," मी म्हटलं.

"मात्रा किती?"

"थोडीच."

भाऊंनी घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले नाही. तव्यावर भाकरी होती, ती उलटायला आत गेले.