मैद्यासारखी कॉफी

आमच्या घरात अपघात होऊच शकत नाही! टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, प्लगच्या भोकांना झाकणं, खालच्या सगळ्या कपाटांना कड्या. साखरेचा डबा काढायचा तर सासूबाईंनाही मला हाक मारावी लागते. आठ महिन्यांच्या बाळाची आई अशीच असायला हवी!

त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या मॅडम घरी येणार होत्या. मला घरून काम करू द्यायचं की नाही, हे त्या बघून ठरवणार होत्या. नाही म्हणाल्या तर बाळ पाळणाघरात. आणि तिथल्या टेबलांना स्पंज नव्हता. मी बघून आले होते!

मॅडमना कॉफीचं वेड. म्हणून नवऱ्याची काचेची कॉफीप्रेस काढली. पावडर गरम पाण्यात मुरवायची, वरून जाळीचा दट्ट्या दाबायचा, चोथा तळाशी. जाताना नवरा बजावून गेला होता, "बिया जाडसर दळ हं. जाड रव्यासारख्या."

पण मी शिकलेली! जितकं बारीक तितका अर्क जास्त, एवढं मला कळत होतं. बाळ नुकतंच झोपलेलं, म्हणून ग्राइंडर दुलईत गुंडाळला आणि कपड्यांच्या कपाटात डोकं घालून फिरवत राहिले.

"अगं, कपाटात काय गुरगुरतंय?" सासूबाई दारातूनच ओरडल्या.

"कॉफी आहे, आई! हळू बोला!"

पावडर झाली मैद्यासारखी. मी खूश!

मॅडम आल्या. पावडर मुरली. मी दट्ट्या दाबला. तो हलेना! पुन्हा दाबला. काच करकरली. माझ्या डोळ्यांसमोर काचांचे तुकडे, उकळतं पाणी, रुग्णवाहिका...

"मॅडम, मागे सरका! आई, पडद्याआड जा!"

"अहो, कॉफी आहे ती, बॉम्ब नव्हे," मॅडम हसल्या. "बारीक दळलीत वाटतं. जाळी बुजली असेल. जरा थांबा, आपोआप बसेल."

आम्ही थांबलो. मॅडमनी चार प्रश्न विचारले, मी एकाचंही धड उत्तर दिलं नाही. नजर प्रेसवर!

"किती वेळ बघत बसायचं गं?" सासूबाई पडद्यातून म्हणाल्या. "जोर लावा की कुणीतरी!"

मॅडमनाच चेव आला. त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा सगळा भार दट्ट्यावर टाकला.

फस्स! कॉफीचं कारंजं थेट छताला! तिथून मॅडमच्या केसांत, चष्म्यावर, पांढऱ्या शर्टावर. मी किंचाळले. सासूबाई पडद्यासकट खाली आल्या. नशीब, एवढ्या वेळात कॉफी कोमट झाली होती!

मग सगळं शांत झालं. फारच शांत.

माझा जीव खालीवर! एवढ्या गोंधळात बाळ रडलं कसं नाही? धावत आत गेले, नाकाशी बोट धरलं. श्वास लागतोय की भास होतोय? तळव्याला गुदगुल्या केल्या.

बाळाने डोळे उघडले आणि असा टाहो फोडला की काही विचारू नका!

"झोपलेल्या पोराला उठवलंस?" सासूबाई पडद्यातून सुटत म्हणाल्या.

रडकं बाळ कडेवर घेऊन मी बाहेर आले. मॅडम चष्मा पुसत होत्या. ओठावरचा थेंब त्यांनी चाखला आणि तोंड वाकडं केलं. कडू जहर!

आता संपलं, मी मनात म्हटलं.

"तुम्ही घरूनच काम करा," मॅडम म्हणाल्या.

"खरंच, मॅडम?" माझे डोळे भरून आले.

"खरंच. आपल्या ऑफिसात परवाच अशी कॉफीप्रेस आणलीये."