दार लावून चहा

आमच्या समोरचे सुंदर रावकाका चहा दार लावून पितात.

नुसतं लोटून नाही हो, कडी घालून. आधी दाराच्या भिंगातून बाहेर कोणी आहे का बघायचं. मग माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बंद करायची, कारण ती त्यांच्या स्वयंपाकघरासमोर येते. मग ओट्याशी उभं राहून, भिंतीकडे तोंड करून, घटाघटा. शेवटी खिशातली लवंग दाढेखाली. लोक दारूसुद्धा याहून ऐटीत पितात. माझ्याच घरात, भर दुपारी चार वाजता, काहीतरी बेकायदा चालल्यासारखं मलाच चोरटं वाटायला लागतं.

मी मूळची कोल्हापूरची. नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही चेन्नईला आलो आणि अड्यारमध्ये घर घेतलं. तो पहाटे कंपनीच्या बसने जातो तो दिवेलागणीलाच उगवतो. मी घरी लॅपटॉपसमोर बसून मुलांना गणित शिकवते. सामान लावत होते तेव्हा समोरच्या दारातून एक उंच, वाळकुडे म्हातारे गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "तुम्ही मराठी अहांत काय? आम्हीही मराठीच, मा. तंजावूरची." मला रडायचं तेवढं बाकी राहिलं. त्यांची मराठी तंजावरची, कुठल्या तरी जुन्या काळात थांबलेली, आणि चाल सगळी तमिळ. पण मराठी! परक्या गावात आणखी काय हवं?

काका बँकेतून रिटायर झालेले. घरात ते आणि अंबुजाकाकू, दोघंच. मुलगी लांब परदेशात.

आता हे रोज माझ्याकडे येतात ते कशासाठी, तर मला तमिळ शिकवायला. असं काकूंना सांगितलेलं आहे. आणि काकू बिचाऱ्या एवढ्या साध्या, की धडा चांगला व्हावा म्हणून सोबत मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकलीचा, डबा पाठवतात. तमिळचं म्हणाल तर मला आजवर "सक्करै" आणि "पोदुम" एवढंच येतं, साखर आणि पुरे. एकदा काकूंनी कौतुकाने विचारलं, "काय शिकवले आज? बोल पाहूं." मी घाम पुसत म्हटलं, "सक्करै पोदुम." काकू प्रसन्न हसल्या. काका चपला शोधायला खाली वाकले ते वर येईचनात. शरमेने माझे कान तापले होते.

बरं, चहा तरी मुकाट्याने प्यावा ना! नाही. त्यांच्या आवडीनिवडी सांभाळता सांभाळता माझं कंबरडं मोडलं. आमच्याकडचा चहा, चांगला वेलदोडा घालून, निम्मं दूध घालून, मी पहिल्या दिवशी मोठ्या प्रेमाने केला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हें पायसम अहे, मा, खीर. चहा कोठें अहे?"

मग सुरू झाल्या सुधारणा. वेलदोडा बाद. आलं किसायचं नाही, ठेचायचं, तेही बोटभर. मग आलं पुरेना म्हणून मिरी. मग सुंठ. चहापूड मी एक चमचा टाकली की मागून आवाज यायचा, "अजून." दुसरा टाकला की "अजून." उकळून उकळून तो डांबरासारखा झाला की काका मान डोलवत. "आतां दम आला. घशाला कळलें पाहिजे, मा, कांही आलें म्हणून." आणि तो असा कढत प्यायचे की बघूनच माझी जीभ भाजायची. मी एकदा तो चहा चाखला आणि अर्धा तास उचक्या देत बसले. शिकवणीच्या पोरांनी स्क्रीनवरून विचारलं, मॅडम, रडताय का?

मला वाटायचं, केवढा हा माणूस चहाचा दर्दी! नवऱ्याला तर मी मोठ्या टेचात सांगायचे, कॉफीच्या या राज्यात एकच खरा चहाबाज आहे आणि तो माझ्या ओट्याशी उभा असतो.

बाहेर मात्र त्यांना चहाचं नावही सोसत नसे. एकदा मला साड्या घ्यायच्या होत्या म्हणून ते टी. नगरला माझ्यासोबत आले. गर्दीने जीव नकोसा झाला तेव्हा मी म्हटलं, काका, इथे कोण ओळखतंय, टपरीवर घेऊ की एकेक. आधी नको नको म्हणाले, मग तयार झाले. टपरीवाल्याने हात उंच करून, धार सोडून चहा फेसाळला, ग्लास हातात दिला, आणि काकांनी पहिला घोट घेतला तोच समोरून त्यांचे जुने साहेब! काकांनी आपला ग्लास माझ्या हातात कोंबला, माझी साडीची पिशवी स्वतःच्या छातीशी धरली आणि खांबाच्या आड झाले. मी रस्त्याच्या मधोमध दोन हातात दोन ग्लास घेऊन उभी. साहेब माझ्याकडे आणि ग्लासांकडे बघत निघून गेले. परत येताना ऑटोत काका बाहेर बघत बसले होते. "माफ कर, मा," एवढंच म्हणाले. मला राग आला होता, पण त्यांच्या तोंडाकडे बघून गिळला.

मी समजत होते, हा सगळा मानाचा प्रश्न. तंजावरकडच्या घरांत कॉफीला केवढी प्रतिष्ठा! चहा म्हणजे रस्त्यावरच्यांचा. त्यात अंबुजाकाकूंच्या कॉफीचं नाव इमारतीतल्या जुन्या लोकांच्या तोंडून मी ऐकलेलं होतं. एकेकाळी काकांच्या बँकेतली माणसं काही ना काही निमित्त काढून घरी यायची म्हणे, कॉफीसाठी.

एकेकाळी. आता राव लोकांच्या घरी कोणी गेलं तर कॉफी मिळत नाही, अशी बोलवा. चेन्नईत आल्यागेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे काय, ते इथे राहिल्यावर कळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई माझ्याजवळ सरळ म्हणाल्या, म्हातारा चिक्कू झालाय. बायको आत पातेलं ठेवते आणि हा पाहुण्याला बोलत बोलत जिन्यापर्यंत नेऊन सोडतो. मीही हसून "हो ना" म्हटलं. का नाही म्हणणार? मला तरी कुठे कधी विचारली होती? आणि खरं सांगू, मला फिल्टर कॉफी मनापासून आवडते. चेन्नईला यायचं ठरलं तेव्हा आनंद वाटावा अशी तीच एक गोष्ट होती.

परवा काका कसल्याशा दाखल्यासाठी सकाळीच बँकेत गेले होते. मी मुरुक्कूचा रिकामा डबा परत द्यायला समोर गेले. आपल्याकडे रिकामा डबा देत नाहीत म्हणून त्यात थोडी चकली घातली होती. काकूंनी हात धरून आत बसवलं आणि विचारलं, "तुझें व्रत केव्हां सुटणार, ग?"

"कसलं व्रत?"

"काफीचें. कोल्हापूरच्या देवीला बोलून काफी सोडली अहेस म्हणून हे सांगितले. मी केव्हांपासून वाट पाहत्यें. एवढी शेजारची मुलगी, आपल्या भाषेची, आणि माझ्या हातची काफी एक दिवस प्यायली नाही."

मी थक्क झाले! अंबाबाईच्या नावावर खपवलं म्हाताऱ्याने! माझ्याकडे रोज फुकटचा चहा ढोसायचा, माझी मिरी संपवायची, आणि स्वतःच्या घरची वाटीभर कॉफी वाचवायला देवीला मध्ये घालायचं? माझं टाळकंच सटकलं. मी म्हटलं, "काकू, सुटलं. आजच सुटलं. द्या बघू."

काकूंचं तोंड असं उजळलं! लगबगीने आत गेल्या. डबऱ्याच्या खोलगट वाटीत पितळी टंबळर ठेवून, वर फेस आणून, कॉफी दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. रंग सुरेख. मी तोंडाला लावली.

हिंग.

आधी हिंगाचा वास, मग करपलेल्या दुधाचा, आणि त्याखाली कडूजहर काहीतरी, कालपरवाचा उरलेला कॉफीचा अर्क असावा. कॉफी आहे का रसम, कळेना. मी डोळे वर केले तर काकू समोर बसल्या होत्या, हात मांडीवर, माझ्या तोंडाकडे टक लावून.

"कशी अहे?"

आता मी कोल्हापूरची. आमच्याकडे पहिल्या घोटाला तोंड बोलतं. ओठांवर आलंच होतं, काकू, याला हिंगाचा वास येतोय. पण त्या पुढे वाकून म्हणाल्या, "मला मागें मोठा ताप आला, तेव्हांपासून वास येत नाहीं, ठाऊक नाहीं काय तुला? फूल नाहीं, उदबत्ती नाहीं, कांही नाहीं. जेवते तें पण माती. पण काफीला नाक कशाला? हाताला ठाऊक अहे. हे रोज सकाळीं दोन टंबळर पितात आणि म्हणतात, पहिल्यासारखीच. तेवढें एक राहिलें बघ माझें."

मी टंबळर दोन्ही हातांनी धरला आणि प्यायले. सगळी. कशी प्यायले मला माहीत. "फार छान," म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

नेमके तेव्हाच काका दारात आले. माझ्या हातातला टंबळर त्यांनी पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि रंगेहाथ पकडल्यासारखे तिथेच उभे राहिले. माझा राग कुठच्या कुठे गेला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. या माणसाला मी चिक्कू म्हटलं होतं, हसून.

निघाले तर ते माझ्यामागून बाहेर आले. जिन्याच्या कठड्याला धरून, खाली बघत म्हणाले, "देवीचें नांव घेतलें. चूक झाली, मा."

"काका, कॉफीच्या डब्याशेजारी हिंगाचा डबा असणार. तो तरी हलवायचा ना तिथून!"

"हलवला होता. वास येत नाहीं तिला, पण जागा कळत नाहीं काय? लगेच विचारली, कां हलवला? काय सांगूं? पूड बदलून पाहिली. हातांत घेतल्याबरोबर म्हणाली, ही माझी नव्हे. मग दिवसभर बसून राहिली, चूल नाहीं पेटवली. 'बिघडली काय माझी काफी, मला सांगा,' म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, नाहीं म्हणून. खोटी."

त्यांनी वळून आपलं दार नीट ओढून घेतलं.

"पण तेवढ्यावर भागतें काय? चारपर्यंत ती चव तोंडांत राहते. जात नाहीं. म्हणून तुझ्याकडे येतों, आलें, मिरी, लवंग, कढत, कशानेही धुवून निघावें म्हणून. जिच्या हातचें जन्मभर खाल्लें तिची चव शेजारीं जाऊन धुतों. लाज वाटते, मा. रोज वाटते. रोज येतों."

मी म्हटलं, "अहो, मग एखाद्या हॉटेलात जाऊन चांगली कॉफी का नाही प्यायलात? पावलापावलावर मिळते."

काकांनी इतक्या दुखावल्या नजरेने माझ्याकडे पाहिलं की मी काहीतरी अभद्र बोलून गेले असं मला वाटलं.

"काफी? दुसऱ्याच्या हातची?" ते म्हणाले. "आणि मग सकाळीं तिच्यासमोर कोणत्या तोंडानें बसूं?" मग अगदी हळू आवाजात, "चहा मला आवडत नाहीं, मा. कधींच नाहीं आवडला."

दुसऱ्या दिवशी चार वाजता माझी बेल वाजली. दारात काका नव्हते, काकू होत्या. केसांत फूल घातलेलं, इस्त्रीची साडी. "व्रत सुटलें ना? चल. आतां रोज माझ्याकडे. तमिळ तिकडेच शीक."

नाही कसं म्हणणार! गेले. काका आरामखुर्चीत वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसले होते, माझ्याकडे बघतच नव्हते. काकूंनी दोघांच्या पुढ्यात एकेक टंबळर ठेवला, अभिमानाने, आणि समोर बसल्या. मी पहिला घोट घेतला. आज हिंग कालच्यापेक्षा जरा जास्तच होता. हसले. "सुरेख." काका म्हणाले, "पहिल्यासारखीच." दुसऱ्या घोटाला माझे डोळे भरून आले, त्यातलं किती वासामुळे आणि किती कशामुळे, माझं मलाच सांगता येणार नाही.

आत फोन वाजला. मुलीचा असणार, काकू धावल्या.

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता हात लांब केला, माझा टंबळर उचलला, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला. हळूच परत माझ्यासमोर ठेवला. मग स्वतःचा उचलला आणि तोही प्यायले.

काकू परत आल्या तेव्हा मी म्हटलं, "काकू, संपलीसुद्धा!"

"अय्यो, एवढी आवडली?" त्या म्हणाल्या, आणि आणखी आणायला आत गेल्या.