रूझवेल्ट पर्किन्स यांचे दुःखद निधन

"खोडून टाक ते नाव आणि खरं काय ते लिही," आई म्हणाली. "चारचौघांत खोटं बोलायला जातोयस, तेही इस्त्रीची पँट घालून."

नेव्हिल एंटविसल स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओणवा होऊन एका छोट्या काळ्या रेकॉर्डच्या मधोमध पांढरा गोल कागद चिकटवत होता. त्यावर त्याने झोकदार अक्षरांत 'रूझवेल्ट पर्किन्स' असं लिहिलं होतं. यातला रूझवेल्ट त्याला शाळेतल्या इतिहासातून आठवला होता, आणि पर्किन्स नावाचा प्लंबर त्या क्षणी मागच्या संडासाची टाकी दुरुस्त करत होता.

"आई, सगळेच असं करतात गं."

"सगळ्यांच्या आयांना मी विचारायला जात नाही. डबा घेतलास का?"

सगळेच असं करतात, हे मात्र खरं होतं. इंग्लंडातल्या लँकशर परगण्यातल्या त्या गिरणीगावात शनिवारी मध्यरात्री एम्प्रेस हॉल उघडे आणि रविवारी सकाळी बंद होई. मधल्या वेळात चहा-लेमोनेडवर राहून तरणीताठी माणसं अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या 'सोल' गाण्यांवर नाचत, आणि गाणी तरी कुठली, तर खुद्द अमेरिकेत कुत्र्याने विचारली नाहीत अशी. तिकडे गाणं जितकं सपशेल आपटलेलं, तितका त्याला इकडे मान. ज्याच्यापाशी दुसऱ्या कुणाकडे नसलेली रेकॉर्ड, तो इथला राजा. पण गायकाचं नाव एकदा फुटलं की महिन्याभरात जो तो ती शोधून आणी आणि राजाचा पुन्हा गिरणीकामगार होई. म्हणून खरं नाव झाकायचं आणि वर खोटं चिकटवायचं, ही तिथली रीतच होती.

नेव्हिल तीन वर्षं त्या हॉलमध्ये नाचत होता आणि पाय सहज घसरावेत म्हणून नाचणाऱ्यांच्या बुटांखाली टाल्कम पावडर शिंपडायचं बिनपगारी कामही करत होता. एका बुडालेल्या दुकानाच्या अडगळीत त्याला ही रेकॉर्ड सापडली, तेव्हा कुठे हॉलचा चालक गिल्बर्ट शॉ पाघळला. "आज अर्धा तास तू वाजव," तो म्हणाला होता. "हॉल नाचला तर दर शनिवारचा अर्धा तास तुझा. नाही नाचला तर पावडरीचा डबा आहेच." नेव्हिलला आयुष्यात दुसरं काहीही नको होतं.

आणि हॉल नाचला! नुसता नाचला नाही, उधळला. घेरदार पँटी गरगरल्या, माणसं पाठीवर पडून उसळी मारून उभी राहिली, पावडरीचे लोट उठले. गाणं संपताच घामाने निथळणारे लोक स्टेजशी गोळा झाले. सगळ्यांत पुढे ग्लेनिस होती. ही बिस्किटांच्या कारखान्यात काम करी, आणि तिला आवडलेलं गाणं गावाला आवडे.

"नेव्हिल, कोण रे हा? अंगावर काटा आला बघ!"

"रूझवेल्ट पर्किन्स," नेव्हिल कॉलर सारखी करत म्हणाला. "इथे कुणी नाव ऐकलेलं नसेल."

"पर्किन्स होय?" मागून आवाज आला. "बरा आहे. पण ही त्याची पडेल रेकॉर्ड. दुसरी आहे माझ्याकडे, तिच्यापुढे ही म्हणजे पाणचट चहा."

हा होरेस क्लेग. गॅलरीखाली खोकं मांडून तो रेकॉर्डी विकायचा. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्याने जन्मल्यापासून उच्चारलेलं नव्हतं.

नेव्हिलने आ वासला. 'अरे लबाडा, असा माणूसच नाही!' हे शब्द त्याच्या दातांपर्यंत आले आणि तिथेच अडले. माणूसच नाही तर मग गायलं कोण, असा पुढचा प्रश्न आला असता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"तुझ्याकडे आहे?" तो कसाबसा म्हणाला. "कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं. डेट्रॉइटचा. मोटारीच्या कारखान्यात होता, एका डोळ्याने अधू."

"अगं बाई!" ग्लेनिस म्हणाली, आणि बघता बघता सगळी गर्दी नेव्हिलकडून क्लेगकडे सरकली.

नेव्हिलचं डोकं तापलं. गाणं आपण शोधलं, माणूस आपण जन्माला घातला, आणि त्याचा डोळा फोडणारा हा कोण? क्लेगला कोंडीत पकडायचं म्हणून तो ओरडला, "कारखाना केव्हाच सोडला त्याने! चर्चमध्ये पाद्री झाला तो!"

"ते तुरुंगातून सुटल्यावर," क्लेग शांतपणे म्हणाला. "आधी तुरुंग, मग चर्च."

"कशासाठी रे तुरुंग?" कुणीतरी विचारलं.

"प्रेमापायी," क्लेग म्हणाला. तीन मुलींनी सुस्कारे टाकले.

नेव्हिलच्या प्रत्येक थापेवर क्लेग एक मजला चढवत होता. त्याच्या दुसऱ्या रेकॉर्डीसाठी तिघांनी नावंही नोंदवली. हे थांबवायचा एकच मार्ग नेव्हिलला दिसला. मेलेला माणूस काही करत नाही, त्याच्याबद्दल वाढवायला काही उरत नाही.

"तो वारला!" नेव्हिल म्हणाला. "गेल्या महिन्यात. संपलं!"

मग ग्लेनिसने जो हंबरडा फोडला, तो गॅलरीपर्यंत पोचला. गिल्बर्ट धावत आला.

"काय झालं? कुणी पडलं का?"

"रूझवेल्ट पर्किन्स गेले हो!" ग्लेनिस हुंदके देत म्हणाली. "आणि आम्ही इथे नाचत होतो!"

गिल्बर्ट हळवा माणूस. त्याने संगीत बंद केलं, दिवे लावले आणि माइक घेऊन सर्वांना एक मिनिट स्तब्ध उभं राहायला सांगितलं. घामेजलेला आख्खा हॉल माना खाली घालून उभा राहिला. नेव्हिलही उभा राहिला, करतो काय! मिनिट संपताच क्लेग स्टेजवर चढला आणि आपला व दिवंगताचा पत्रव्यवहार कसा होता, ते डोळे टिपत सांगू लागला. "शेवटच्या पत्रात त्यांनी या हॉलची चौकशी केली होती," तो म्हणाला. बायकांचे पदर नव्हते म्हणून, नाहीतर ओले झाले असते. घाम पुसायला आणलेल्या खांद्यावरच्या टॉवेलांवर भागलं.

"माझं ठरलं," गिल्बर्ट नाक शिंकरत म्हणाला. "दर शनिवारी अर्धा तास पर्किन्स यांच्या स्मरणार्थ. आणि तो वाजवणार होरेस!"

"अहो, पण तो अर्धा तास माझा!" नेव्हिल किंचाळला. "असा कुणी माणूस नाहीच हो! मी चिकटवलंय ते नाव! हे बघा!"

त्याने रेकॉर्ड उचलली, कागदाला थुंकी लावली आणि नखाने खरवडून ओढला. पण डिंक कार्पेटच्या गिरणीतला, गालिचे चिकटवायचा. कागदाबरोबर खालचं खरं लेबलही सगळं निघून आलं. हातात नुसती काळी कुळकुळीत तबकडी उरली.

"लाज नाही वाटत?" ग्लेनिस कडाडली. "मेलेल्या माणसाचं नाव पुसतोस?"

"अगं, तो मेलेला नाहीये!"

"आत्ता तूच सांगितलंस!"

"कारण तो जिवंतही नव्हता!"

"नेव्हिल," गिल्बर्ट त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घरी जा, बाळा. हे सगळे एक मिनिट उभे राहिलेत. कुणासाठीच नाही उभे राहिलात, असं मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

सकाळी नेव्हिल बसथांब्यावर बसला होता. त्याचे डोळे चुरचुरत होते, घसा बसला होता आणि तीन वर्षांची पावडर पँटीला लागलेली होती. खोकं सावरत क्लेग आला आणि शेजारी बसला.

"नेव्हिल, ती तेवढी रेकॉर्ड दे ना रे मला," तो म्हणाला. "शनिवारी वाजवायचं काय? माझ्याकडे पर्किन्स कुठाय?"

"दुसरी आहे ना? पाणचट चहावाली?"

"टिंगल नको करूस रे. तोंडातून निघून जातं. मग मागे फिरता येत नाही." क्लेगचा चेहरा खरोखर रडवेला झाला होता. "गिल्बर्ट मला हाकलून देईल. ते खोकं सोडलं तर मला दुसरं आहे काय?"

नेव्हिलला त्याची दया आली. नाचणाऱ्या हॉलपुढे उभं राहावंसं वाटणं म्हणजे काय, हे त्याला चांगलंच कळत होतं. आपला अर्धा तास तर गेलाच आहे, निदान गाणं तरी वाजू दे, असा विचार करून त्याने रेकॉर्ड पुढे केली. क्लेगने दोन्ही हातांनी ती धरली.

"आता खरं नाव तरी सांग," क्लेग म्हणाला. "देवाशपथ, कुणाला सांगणार नाही."

"अर्ल डॉबिन्स," नेव्हिल म्हणाला. त्या रात्रीत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं नाव.

क्लेगची पाठ ताठ झाली. डोळ्यांत जुनी चमक आली.

"डॉबिन्स होय? आधी नाही का सांगायचंस! त्याच्या दोन आहेत माझ्याकडे. हिच्याहून सरस."

नेव्हिलने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या बोटांतून रेकॉर्ड हळूच सोडवून घेतली आणि कोटाच्या आत घातली. बस आली होती.

"मग काय प्रश्नच मिटला," पायरीवर चढत तो म्हणाला. "शनिवारी त्याच वाजव."