नेहमीप्रमाणे, खोली नंबर चार

"तू परत म्हणालास?" रोस्विताने चष्मा कपाळावर चढवला. "फेब्रुवारीत निघताना तू तिला परत 'नेहमीप्रमाणे' म्हणालास?"

"तोंडातून निघून गेलं," लिओपोल्ड वेसेली म्हणाला.

"निघून गेलं म्हणजे? देवानं तोंडात दात कशाला दिलेत? अडवायलाच ना!"

व्हिएन्नातल्या त्यांच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर हॉटेल झोनकोगलचं रंगीत माहितीपत्रक पसरलं होतं. रोपवेच्या अगदी पायथ्याशी हॉटेल. दारातून बाहेर पडायचं, स्की पायात अडकवायची आणि निघायचं. तळमजल्यावर सौना, म्हणजे घाम काढायची गरम वाफेची खोली. पलंग दोन मीटर दहा. लिओपोल्ड स्वतः एक मीटर ब्याण्णव होता, त्यामुळे पलंगाच्या त्या आकड्यावरून त्याची नजर हलत नव्हती.

हिंटरलानच्या त्या डोंगरी गावाला जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. मुलगा शाळेत असताना फेब्रुवारीच्या सुट्टीत जायला लागले ते जायला लागले. मुलगा मोठा होऊन ग्राझला गेला, पण तो आठवडा तसाच राहिला. आणि उतरायचं कुठे हे त्यांनी चोवीस वर्षांत एकदाही ठरवलं नव्हतं. शेवटच्या दिवशी सकाळी पाहुणघर चालवणाऱ्या बुर्गलबाई दारात येऊन हात हातात घ्यायच्या आणि विचारायच्या, "मग, पुढच्या वर्षी?" पाहुण्यानं म्हणायचं, "नेहमीप्रमाणे." झालं आरक्षण. ना पत्र, ना आगाऊ रक्कम. त्या खोऱ्यात हा शब्द दिला की दगडावरची रेघ.

बुर्गलबाईंचं पाहुणघर पाच खोल्यांचं. चार नंबरच्या खोलीतला पलंग त्यांच्या आजोबांनी स्वतःच्या मापानं बनवलेला होता आणि आजोबा बुटके होते. न्हाणीघर बोळाच्या टोकाला. रोपवे एक किलोमीटर खाली. जाताना उतार, पण संध्याकाळी ते अवजड बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन चढ चढायचा. अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी गेली दोन वर्षं जाहीर निषेध नोंदवला होता.

"तूच शब्द दिलास, तूच मोड," रोस्विता म्हणाली. "आत्ता फोन कर. मी हॉटेलची खोली घेते."

लिओपोल्डचं चष्म्यांचं दुकान होतं. 'तुमची नजर आणखी अधू झाली आहे,' हे तो दिवसातून दहा जणांना न अडखळता सांगायचा. पण फोन हातात घेण्याआधी त्याने स्वतःचा चष्मा तीनदा पुसला.

"वेसेलीसाहेब!" पलीकडून बुर्गलबाईंचा आवाज खणखणला. "आत्ताच तुमची आठवण काढली होती. तुमच्यासाठी नवी पिसांची रजई शिवून घेतलीय. जास्त लांब! दर वर्षी तुमचे पाय बाहेर राहतात ते मला काय दिसत नाही?"

"बुर्गलबाई, मी म्हणत होतो की यंदा आम्ही..."

"हं?"

"यंदा आम्ही थोडे उशिरा पोचू. सहापर्यंत."

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात आला. "झालं?" रोस्विताने विचारलं. "झालं," तो म्हणाला. खोटं बोलला असंही नाही. काहीतरी झालं होतंच.

पुढच्याच आठवड्यात दुकानाच्या पत्त्यावर हिंटरलानच्या ग्रामपंचायतीचं पत्र आलं. सलग पंचवीस वर्षं एकाच घरी उतरणाऱ्या पाहुण्यांचा गुरुवारी सकाळी अकरा वाजता गावाच्या सभागृहात सत्कार, सरपंचांच्या हस्ते सोन्याचा बिल्ला, बँडपथक. 'श्रीमती नोटबुर्गा उंटरराइनर यांच्या पाहुणघराच्या इतिहासातला हा पहिलाच सुवर्ण सत्कार असल्याने,' असं त्यात लिहिलं होतं. नोटबुर्गा म्हणजे बुर्गलबाईच. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं भर घातली होती: 'आमच्या ह्यांची फार इच्छा होती हो. ते असते तर नाचले असते.'

लिओपोल्डने ते पत्र चष्म्याच्या रिकाम्या डब्यांच्या खोक्यात सर्वांत खाली दडपलं. इकडे आड, तिकडे विहीर. बुर्गलबाईंना खरं सांगावं तर म्हातारीचा पंचवीस वर्षांचा मान जातो. रोस्विताला सांगावं तर तिने पदराला खार लावून घेतलेली ती खोली जाते आणि उरलेला जन्म बोलणी खावी लागतात. शेवटी त्याने भित्रा माणूस नेहमी निवडतो तो मार्ग निवडला. दोन्हीकडे उतरायचं.

फेब्रुवारीतल्या ठरल्या शनिवारी ते पोचले. गाडी हॉटेलच्या तळघरात दडवली. रोस्विता पांढरा झगा घालून सौनाकडे गेली तसा लिओपोल्ड "बूट जरा सैल करून आणतो" म्हणून सटकला आणि चढ चढून धापा टाकत बुर्गलबाईंच्या दारात उभा राहिला.

"आणि रोस्विताबाई कुठायत?"

"प्रवासानं डोकं धरलंय तिचं. सरळ वर जाऊन झोपली."

ही थाप लंगडी होती. त्याने स्वतः तरी तिला एक पाऊल चालू दिलं नसतं. पण बुर्गलबाई वर डोकवायला गेल्या नाहीत. "झोपू दे बिचारीला," एवढंच म्हणाल्या, त्याच्यापुढे आलुबुखाराच्या मुरंब्याबरोबर गोड धिरड्याचा डोंगर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "मीही आज लवकरच पडणार बाई." लिओपोल्डला वाटलं, देव पावला.

पण देव पावतो तो हप्त्याहप्त्यानं. रोज सकाळी साडेसहाला उठायचं, अंधारात चढ चढायचा, मागच्या दारानं चार नंबरमध्ये शिरायचं, पलंगाच्या दोन्ही बाजूंना लोळून चादरी चुरगाळायच्या, दातांचे दोन्ही ब्रश ओले करायचे आणि सात वाजता जांभई देत खाली यायचं. "रोस्विताबाई?" "पहिला रोपवे पकडायला पुढे गेली." मग दोन अंडी, चीज, भोपळ्याच्या बिया लावलेला पाव. नऊ वाजता हॉटेलात, नुकत्याच जाग्या झालेल्या रोस्वितासमोर, पुन्हा दोन अंडी, चीज आणि भोपळ्याच्या बिया लावलेला पाव. दोन्हीकडचा पाव हुबेहूब सारखा कसा, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. त्याला फक्त एवढीच भीती की हॉटेलच्या खिडकीत आपल्याला बुर्गलबाईंनी पाहिलं तर? रोपवेच्या रांगेत दोघींची गाठ पडली तर? बुर्गलबाईंची शाल हिरवी, त्यामुळे गावात हिरवी शाल दिसली की तो खांबाआड लपत होता.

"तुला बरं नाहीये का?" रोस्विताने विचारलं. "चेहरा उतरलाय आणि पोट वाढलंय. दोन्ही एकदम कसं होतं?"

मंगळवारी रात्रभर बर्फ पडलं. बुधवारी सकाळी अर्ध्या चढावर त्याला लख्ख कळलं की आपण मेलो. ताज्या बर्फात त्याच्या पावलांची एकच ओळ होती आणि ती घराकडे जात होती. जो माणूस रात्रभर घरात झोपला त्याची पावलं बाहेरून आत कशी येतील? त्याने क्षणभर विचार केला, पाठ वळवली आणि उरलेला रस्ता उलटा चालू लागला. म्हणजे ठसे बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ घरातून निघून खाली गेले. युक्ती झकास होती. फक्त मागे डोळे नव्हते.

"अगं आई!"

"अहो, वेसेलीसाहेब!"

बाजूच्या पायवाटेनं नुकत्याच रस्त्यावर आलेल्या बुर्गलबाई बर्फात बसल्या होत्या. हातात फडक्यानं झाकलेली टोपली घट्ट धरलेली.

"उलटे काय चालताय असे भुतासारखे?"

"गुडघ्यांसाठी," लिओपोल्ड त्यांना उठवत म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय. रोज सकाळी शंभर पावलं उलटी."

"व्हिएन्नाचे डॉक्टर काय वाट्टेल ते सांगतात."

"आणि तुम्ही एवढ्या सकाळी?"

बुर्गलबाईंनी टोपली शालीखाली सरकवली. "मी? कोंबड्यांना बघून आले."

बुर्गलबाईंनी कोंबड्या विकल्याला अकरा वर्षं झाली होती, हे लिओपोल्डला ठाऊक होतं. पण स्वतःची थाप पचल्याच्या आनंदात दुसऱ्याची थाप तपासायला कोणाला सवड असते?

त्या दिवशी दुपारी रोस्विताने त्याचं काही ऐकलं नाही. "चार दिवस झाले, एकदाही सौनात आला नाहीस. ज्याच्यासाठी हे हॉटेल घेतलं तेच करायचं नाही? चल!" सौनात कपड्यांना मज्जाव, बसायला प्रत्येकाचा एकेक पंचा. चष्माही बाहेरच ठेवावा लागला आणि चष्म्याशिवाय चष्मेवाल्याला हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. वरच्या बाकावर कुणीतरी गोल, गुलाबी माणूस बसलेलं दिसलं. तो शिष्टाचारानं जरा अंतर ठेवून बसला आणि गप्प बसवेना म्हणून म्हणाला, "बर्फ बरंच पडलं रात्री."

तेवढ्यात खालच्या बाकावरून रोस्विता किंचाळली. "बुर्गलबाई! तुम्ही?"

लिओपोल्डच्या पायाखालची फळी सरकली.

"मी सांगणारच होते," गोल गुलाबी माणूस म्हणालं.

"मी सांगणारच होतो," त्याच दमात लिओपोल्ड म्हणाला.

रोस्विताला यातलं काही कळेना. ती मनापासून म्हणाली, "बुर्गलबाई, यंदा आम्ही तुमच्याकडे आलो नाही, रागावला तर नाही ना?"

"आला नाहीत?" बुर्गलबाईंनी कपाळावरचा घाम निपटला. "अगं, हा रोज सकाळी सात वाजता माझ्याकडे दोन अंडी हाणून जातो की!"

"दोन अंडी?" रोस्विता हळूहळू नवऱ्याकडे वळली. "आणि इथे नऊ वाजता आणखी दोन? म्हणून तुझ्या विजारीचं बटण तुटलं होय!"

कपडे नसलेल्या माणसाला पळूनही जाता येत नाही. लिओपोल्डने तिथेच, नव्वद अंश उष्णतेत, सगळं ओकून टाकलं. फोन, थाप, चुरगाळलेल्या चादरी, उलटी पावलं. बोलून झाल्यावर मान खाली घालून तो आता काय कोसळतं त्याची वाट बघत राहिला.

बुर्गलबाई हसू लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. "अरे पोल्डी," त्या म्हणाल्या आणि असं एकेरीत चोवीस वर्षांत प्रथमच म्हणाल्या, कारण तशा अवस्थेत कुणाला 'अहो साहेब' म्हणणं जिभेला जड जातं. "मी तिथे राहते असं तुला वाटलं? तीन वर्षं झाली मी पाहुणघर बंद करून. पाटी तेवढी तशीच ठेवलीय, गावाला वाटतं चालूच आहे. लेक इथल्या स्वयंपाकघरात मुख्य आहे, तिच्याकडे असते मागच्या खोलीत. फरशीसुद्धा गरम! फक्त तुमच्या आठवड्यासाठी जाऊन चूल पेटवते. पहाटे इथूनच पाव घेऊन निघते."

"मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगणार? दर वर्षी विचारते, 'मग, पुढच्या वर्षी?' आणि मनात म्हणते, आता तरी नाही म्हणू दे याला. आणि तू छाती काढून म्हणतोस, 'नेहमीप्रमाणे!' एवढ्या प्रेमानं म्हणणाऱ्याचं मन कसं मोडायचं? माझी कंबर मोडली तरी चालेल म्हटलं. शिवाय पंचवीस पुरी होऊ देत असंही होतंच. ह्यांच्यासाठी." त्यांचा आवाज बारीक झाला. "पण उद्याच्या सत्कारात कुणी विचारलं, पाहुणे नक्की कुठे झोपले, तर?"

"कसला सत्कार?" रोस्विताने विचारलं.

लिओपोल्डला तेही सांगावं लागलं.  मग रोस्विता उठून वरच्या बाकावर म्हातारीशेजारी जाऊन बसली. "कुणी विचारलं तर," ती म्हणाली, "आम्ही चार नंबरमध्येच होतो. चादरी चुरगळल्यात ना, बघा म्हणावं जाऊन. आणि पुढच्या वर्षीपासून सगळे सुटलो. तुम्ही गरम फरशीवर, आम्ही लांब पलंगावर, आणि भेटायला ही वाफ."

तिघांनी घामेजल्या हातांनी त्यावर शपथ घेतली. लिओपोल्डला कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला, तोही असा की नाक भाजलं.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. बँडनं छत हलवलं. सरपंचांनी दोघांच्या छातीवर बिल्ला लावला, बुर्गलबाईंच्या हाती मानपत्र दिलं. त्यांनी ते दिवंगत नवऱ्याचं नाव पुटपुटत शालीनं पुसलं, दोनदा पुसलं. आता टाळ्या झाल्या की सुटका, असं लिओपोल्ड मनात म्हणत होता.

"आणि आता गावातर्फे खास भेट!" सरपंच गरजले. "पुढच्या वर्षी याच कुटुंबाला एक आठवडा मोफत मुक्काम! कुठे? अर्थातच बुर्गलबाईंच्या त्याच लाडक्या चार नंबरच्या खोलीत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बुर्गलबाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. लिओपोल्डचे दोन्ही गुडघे एकदम दुखू लागले. पण यंदा तो तयार होता. त्याने वरचे दात खालच्या दातांवर घट्ट दाबले आणि ठरवलं, जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही.

"मग, पुढच्या वर्षी?" सरपंचांनी माईक पुढे केला.  बुर्गलबाई सवयीनं पुढे आल्या आणि सवयीनंच त्यांनी दोन्ही हातांत समोरचा हात घेतला. तो हात रोस्विताचा होता. म्हातारीचे डोळे अजून ओलेच होते.

"नेहमीप्रमाणे!" रोस्विता म्हणाली.

बँड पुन्हा वाजू लागला. त्या गदारोळात लिओपोल्ड बायकोच्या कानाशी वाकला.

"रोझी," त्याने हळूच विचारलं, "दात?"