कौलांवरचे दात

"आजी, मला दात हवेत," दिशा फोनवर म्हणाली.

धोंडूबाईने भाकरी तव्यावरच सोडली. आठ महिन्यांत नातीने काही मागितलं नव्हतं. मागायला आधी फोन करावा लागतो.

"कुणाचे गो?"

"कुणाचेही. पडलेले. आमच्या प्रयोगाला." दिशा मुंबईला एका प्रयोगशाळेत शिकत होती. तिने सावकाश समजावलं. एक प्रोटीन आहे. आधी ते दातात सापडलं, म्हणून त्याला नाव दाताचं मिळालं. पण हाडातही ते तितकंच काम करतं. हाडात कॅल्शियम नीट बसवतं ते हेच. ते नसलं तर हाड मऊ राहतं.

"म्हंजे माहेर दातात नि राबायचं हाडात," धोंडूबाई म्हणाली.

दिशा हसली. "अगदी तसंच. दहा जमले तर रविवारी मीच येते न्यायला. आणि हे बघ, ते ठेवायचे कसे..."

इथे रेंज गेली. परत लावला तर लागेना. तरी धोंडूबाईने फोन थोडा वेळ कानालाच धरून ठेवला.

धसई गावात दहा दात मिळवणं तिला अवघड नव्हतं. आळीतली सगळी घरं स्लॅबची नाहीतर पत्र्याची झाली होती. पत्र्यावर टाकलेला दात घरंगळत खाली येतो आणि स्लॅबवर उंदीर फिरकत नाही, अशी पोरांची खात्री. उंदीरमामाने जुना दात नेऊन नवा द्यायचा तर कौलंच हवीत, आणि कौलं उरली होती ती फक्त धोंडूबाईच्या घरावर. कित्येक वर्षं अख्ख्या आळीचे दुधाचे दात तिच्याच डोक्यावर पडत होते. दात टाकला की पोरं पळत. आत कुणी डोकावत नसे.

शेजारचा गणू शिडी घेऊन आला. "वयनी, लोक गळती काढायला माणूस चढवतात. दात काढायला पयल्यांदाच बघतोय."

"तू कौलं फोडू नको, म्हंजे झालं."

त्याने सात कौलं फोडली आणि बारा दात खाली आणले. तेरावा शेळीचा निघाला.

तासाभरात आळीतली रेश्मा आपल्या प्रणितला हाताला धरून अंगणात हजर. पोराच्या तोंडात पुढे खिंडार होतं. "काकू, याचा दात तुमी उतरवला. आता नवा येयाचा कसा?"

"येल गो. दात आतून येतो, उंदीर काय आणतो?"

"मग तुमाला कशाला पायजे?"

उत्तर होतं, पण ते हाडांपासून सुरू करावं लागलं असतं. तोवर आणखी सहा पोरं जमली. धोंडूबाईने दात ताटात मांडले. जो सगळ्यांत पांढरा तो आपला, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि भांडण जुंपलं. एकाने शेळीचा दातही आपलाच म्हणून सांगितला. मग तिने चहा टाकला. साखर संपली, तेव्हा गूळ काढला. वाद दिवेलागणीपर्यंत चालला. शेवटी प्रणितला आणि पोरांतल्या भिमीला एकेक दात देऊन, बाकीच्यांची गुळावर समजूत घालून तिने दहा राखले आणि फोन लावला.

"दहा हायत. कौलांवरून काढले."

"आजी, उन्हापावसात त्यातलं प्रोटीन कधीच गेलं असेल गं. ताजा दात लागतो, पडल्यापडल्या बर्फात ठेवलेला. राहू दे. रविवारचं मग नंतर बघू कधीतरी."

पोरं घरी गेली होती. अंगणात उष्टे कप पडले होते. इतके कप विसळायची तिला सवय राहिली नव्हती.

"ताजाच पायजे ना?" ती म्हणाली. "माझा एक हलतोय. रविवारपर्यंत पडंल."

"तुझा?" दिशाचा आवाज बदलला. "बहात्तर वर्षांच्या माणसाचा दात आमच्याकडे एकही नाहीये. हात लावू नकोस त्याला. मी बर्फाचा डबा घेऊन रविवारी सकाळच्या एसटीने येते. दोन दिवस राहीन."

फोन ठेवून धोंडूबाईने जिभेने दात ढकलून पाहिला. तोंडात चारच उरले होते, त्यांतला हा मागचा. मेखेसारखा घट्ट. दुसराही ढकलला. तोही तसाच. रविवार चार दिवसांवर होता.

ती पायरीवर आली. गणू अंगणात उरलेली कौलं रचून ठेवत होता.

"गणू, घरात सुपारी हाय का रे?"

"हाय की. कातरून देतो."

"नको," ती म्हणाली. "अख्खीच दे. दोनचार दे."