लखमाकाकांची बत्तीस बोअर

निवडणूक जाहीर झाली की मनापासून आनंद होणारा माणूस आमच्या गल्लीत एकच, लखमाकाका. उमेदवार कोण, पक्ष कुठला, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि काकांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. आनंदाचं कारण एवढंच.

काका मूळचे तलासरीच्या पलीकडच्या डोंगरातले. पोलिसांच्या शस्त्रागारात त्यांनी नोकरी काढली, बंदुका पुसण्यात आणि दुरुस्त करण्यात. माणसावर एकदाही गोळी झाडली नाही. याचा त्यांना कमीपणा वाटत नाही. "चष्मे करणारा काय आंधळा असायला लागतो?" असं ते विचारतात. आता डहाणूत आमच्या शेजारी एकटे राहतात. काकी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा वापीला कंपनीत आहे आणि रविवारी फोन करतो.

काकांच्या मते जगात प्रश्न दोनच. गोळी आत किती जाते, आणि समोरचा थांबतो का. "पहिला सगळे विचारतात, मास्तर. दुसरा कोण विचारत नाही," असं ते मला शिकवतात, शाळेत मास्तर मी असलो तरी. नऊ एमएमची गोळी खोल जाते, पण तिला आवरतं घेता येत नाही, कधी आरपार निघून मागच्या निरपराध माणसाला गाठते. पंचेचाळीस बोअरची जाड आणि आळशी, पण आत शिरली की तिथंच संसार मांडते. बावीस बोअरची म्हणजे दारात चपला काढून उभी राहणारी. सिनेमात गोळी लागून माणूस दहा फूट मागं उडाला की काका टीव्ही बंद करतात. टीव्ही आमचा असतो.

एकदा हे मला समजेना, तेव्हा त्यांनी आमच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर चिकू मारून दाखवले. कच्च्या चिकूनं भिंतीला खळगा पाडला आणि चिकू होता तसा खाली पडला. "ही साधी गोळी." पिकलेला चिकू थाळीएवढा पसरला. "ही पोकळ टोकाची. लागली की फुलते, म्हणून लवकर थांबते." आमच्याकडे पाहुणे आले की तो डाग दाखवायला काका स्वतः येतात.

त्यांचा सगळ्यांत जास्त राग बत्तीस बोअरवर, म्हणजे स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरवर. "हिची गोळी डासालासुद्धा विचारून लागते," असं ते चारचौघांत सांगतात. चिंचणीहून मासे घेऊन येणाऱ्या जयवंतीनं एकदा विचारलं, "मग घेतली कशाला ती?"

"परवान्यावर तीच मिळते, बाय," काका म्हणाले आणि बोंबील निवडायला लागले.

रिव्हॉल्व्हर जमा करायच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच निघत आणि संध्याकाळी परत येत. चिकूवाडीवाल्यांच्या बारा बोअर बंदुका ठाण्यात आलेल्या असत, खाऱ्या हवेनं गंजलेल्या. काका न सांगता एकेकीला तेल घालत. नवे शिपाई भोवती जमत, चहा येई, आणि काका त्यांच्यात नऊ एमएम मोठी की पंचेचाळीस यावरून भांडण लावून देत. पावती मग निकालापर्यंत त्यांच्या पाकिटात काकींच्या फोटोमागं असे.

या खेपेला वेगळाच कागद आला. कुणाची शस्त्रं जमा करायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीनं काकांना शस्त्र जमा करण्यातून सूट दिली होती, कारण त्यांच्यापासून कुणालाही धोका नव्हता. गल्लीनं अभिनंदन केलं. काकांनी त्या दिवशी मासे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या दारात उभे राहिले. "मास्तर, चला. चूक झालीय त्यांची."

ठाण्यातले साहेब तरुण होते आणि सज्जन होते. "काका, यादीत सूट आहे तुम्हाला. घरीच ठेवा."

"साहेब, बत्तीस बोअर आहे ही."

"दिसतंय."

"हलकी समजू नका. जवळून मारली तर बरगडीतून आत जाते. माणूस मरतो हिच्यानं!"

मी काकांकडे बघतच राहिलो.

"तुम्ही कुणाला मारणार आहात का?" साहेबांनी विचारलं.

"नाय."

"मग?"

काकांनी मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. म्हणाले, "बाकीच्यांच्या आल्या असतील ने? गंजलेल्या?"

"आता ते बघायला मुख्यालयाचा माणूस येतो, काका. तुम्ही कशाला त्रास घेता? चहा घ्या."

काकांनी चहा घेतला नाही. रिक्षात त्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती. आत तेलाची नवी बाटली होती आणि फ्लॅनेलचे चौकोनी तुकडे, कात्रीनं एकसारखे कापलेले, चाळीस तरी असतील.  

दुसऱ्या दिवशी मी बायकोची शिलाई मशीन उचलून काकांकडे नेली. "अडकते," म्हणालो. अडकत नव्हती. काकांनी तीन तास लावून ती खोलली, पुसली, तेल घातलं, कापडाच्या आठ घड्यांवर चालवून बघितली. मग म्हणाले, "राहू दे इथं."

"कधी नेऊ?"

"निकालानंतर. नियम आहे." आणि वहीचं पान फाडून त्यांनी पावती लिहून दिली. शस्त्र: शिलाई मशीन. बोअर: सोळा नंबरची सुई. शेरा: आत व्यवस्थित जाते, जागच्या जागी थांबते.

जयवंतीला हे कळलं, तेव्हा तिनंही आपला मासे कापायचा कोयता जमा केला. आता बाजार उरकला की ती तो तिथं टाकते, सकाळी धार लावलेला घेऊन जाते, आणि दोन्ही वेळा चहा होतो.

निकाल लागून पंधरा दिवस झाले. बायकोचे गिऱ्हाइकांचे ब्लाउज अडलेत. मशीन कधी आणणार, असं ती रोज विचारायची, आणि आमच्या गल्लीतली आचारसंहिता अजून उठलेली नाही, असं मी रोज सांगायचो. काल तिनं विचारलं नाही. चांगला चालणारा मिक्सर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पावती घ्यायला विसरू नका."