गुबऱ्यांना तेलाचा हात

चपलांच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या माणसाला घरात मोकळं सोडू नये, हे अक्कांचं ठाम मत! त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, दुकानातून निवृत्त झाले आणि घरातली एकही वस्तू त्यांच्या फडक्यातून सुटेना. कुकरची शिटी चमकली, दाराची कडी चमकली. परवा तर त्यांनी बटाटे पुसून ठेवले होते!

बाल्कनीतल्या कुंड्या मात्र अक्कांच्या. तिथे भाऊंना सक्त मनाई. पोटात पाणी साठवून फुगणारी ती जाड पानांची झाडं. विकणारा त्यांना सक्युलंट म्हणाला होता. अक्का म्हणतात गुबऱ्या. थंडीत या गुबऱ्या अशा सुरकुतल्या, की धाकट्या जाऊबाईंनी नाक मुरडलं. "टाकून द्या हो वहिनी. माझ्यासारखी प्लास्टिकची आणा. मरायची कटकट नाही!"

ते अक्कांना असं झोंबलं म्हणता! थंडीभर त्यांनी कुणाला थेंबभर पाणी घालू दिलं नाही. "झोपलीत ती. झोपलेल्याच्या नरड्यात कुणी पाणी ओततं का?" आणि उन्हं तापायला लागल्यावर अक्कांनी पाणी घातलं मात्र, गुबऱ्या टम्म फुगल्या! कडा गुलाबी झाल्या, बुडाशी इवलीइवली पिल्लं डोकावली, पानांवर पिठासारखी पांढुरकी झाक आली. अक्कांनी जाऊबाईंना फोन लावला.

"रविवारी ये. आणि येताना चष्मा आण!"

रविवारी अक्का चहाचं आधण ठेवतात तोच बाल्कनीतून हाक आली, "अगं, बघ तरी येऊन!"

अक्का गेल्या आणि दारातच थिजल्या. एकूण एक गुबरी काचेच्या कपाटातल्या नव्याकोऱ्या बुटासारखी झळकत होती! शेजारी फडकं घेऊन भाऊ, बाळंतपण सुखरूप पार पाडल्यासारखे.

"अहो, हे काय केलंत?"

"धूळ बसली होती. पुसली, आणि वरून हलका तेलाचा हात दिला."

"धूळ? अहो, ते त्यांचं अंगचं पीठ होतं! ऊन लागू नये म्हणून असतं ते!"

"पीठ होतं? मग बरं झालं पुसलं. मुंग्या आल्या असत्या."

अक्का पुढचं बोलणार तेवढ्यात बेल वाजली.

जाऊबाईंनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं आणि गालात हसल्या. "छान आहेत हो वहिनी. कधी आणलीत?"

"आणली कसली? तीच आहेत ही!"

"हो, हो. तीच." जाऊबाईंनी अक्कांच्या दंडाला हळूच चिमटा काढला. "मी नाही हो कुणाला सांगत. प्लास्टिक वापरण्यात लाज कसली?"

अक्कांच्या डोक्यात जाळ! त्यांनी कट्कन एक पान मोडलं. "हे बघ! पाणी आलं की नाही?"

"हल्ली पाणीसुद्धा भरतात आत. आमच्या नातीच्या बाहुलीला तर घाम फुटतो."

अक्कांनी अख्खा शेंडा खुडला. मग पिल्लं उपटली. "ही मुळं बघ, मुळं!"

"काय हुबेहूब करतात ना!"

"अगं, पुरे," भाऊ पुटपुटले.

"तुम्ही तोंड उघडू नका!"

कुंडीमागून कुंडी भुंडी झाली, तरी जाऊबाई आपल्या कौतुकाने मान डोलावतायत. शेवटी अक्कांनी एक गलेलठ्ठ पान उचललं आणि तेलासकट कचकन चावलं! डोळे मिटले, नाक वर चढलं, जबडा एकीकडे गेला. दातदुखीतही असं तोंड कुणी पाहिलं नव्हतं.

"अगंबाई!" जाऊबाई किंचाळल्या. "खरीच की हो!"

"मग!" अक्का थुंकत, पण ताठ मानेने म्हणाल्या.

"आणि ही मोडलेली पानं नुसती मातीवर ठेवली तरी रुजतात म्हणे? मग काय, माझं प्लास्टिक आजपासून बाद!" जाऊबाईंनी पिशवी उघडली. पानं, शेंडे, पिल्लं, सगळं वेचून आत भरलं. चहा घेतला आणि वहिनींच्या हाताला काय गुण आहे म्हणत जिना उतरल्या.

बाल्कनीत खुंट उरले. चमकणारे.

"पण तिच्या तोंडून कबूल करवलंस हं!" भाऊ लांबूनच म्हणाले. "जिंकलीस!"

अक्कांनी चूळ भरली, पदराला तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे वळल्या.

"जिंकलेच मी! मी हरलेय कधी? पण अहो, तुम्ही माझ्या बाजूने असलात ना, की जिंकलेली बाईसुद्धा घर लुटलं गेल्यासारखी दिसते!"